सहीवर दिलेली पुस्तकं

“गजरे, भिंतीशी काय बोलतीस? नवरा चिणलाय व्हय आत?”

चंद्राक्काच्या या बोलण्यावर सगळ्या बाया हसल्या आणि ते हसू घुमटात फिरून फिरून आमच्याच अंगावर आलं. म्हणून त्या पुन्हा हसल्या. विजापूरच्या गोलघुमटात, अगदी वरच्या सज्जात, आम्ही बत्तीस जणी उभ्या होतो. पायऱ्या चढून मांड्या थरथरत होत्या. खाली वाकलं की थडगी काडेपेटीएवढी दिसत होती. सकाळी दार उघडल्याबरोबर आम्हीच पहिल्या आत शिरलो होतो, त्यामुळे सगळा घुमट आमचा. जी ती आपलं नाव ओरडत होती आणि घुमट ते परत देत होता.

मी ओरडत नव्हते. मी वडाराची. जात्याला आणि पाट्याला टाकी देत गावोगाव हिंडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलेलं. दगड डोळ्यांनी कळत नाही, तो वाजवून बघावा लागतो. बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि कान लावायचा. धड असला तर खणकन बोलतो, आतून तडकलेला असला तर भद्द आवाज येतो. एवढं मोठं काम ज्यांनी उभं केलं त्यांनी गिलाव्याच्या आत काय भरलंय, हे मला बघायचं होतं.

“चला गं, बाहेरच्या गच्चीवरनं गाव दिसतंय,” कुंदाबाईंनी हाक मारली. कुंदाबाई म्हणजे आमच्या वर्गाच्या शिक्षिका. गावातल्या सुताराची पोर, वय वीस, पण आम्ही सगळ्या तिला बाईच म्हणायचो. बाया दारातून बाहेर गेल्या. घुमट शांत झाला. मी भिंतीला कान लावला.

कानात माणूस बोलला.

“दहावा धडासुद्धा झाला नाही साहेब त्यांचा.”

मी दचकून मागं बघितलं. कुणी नव्हतं. सज्जाच्या पार पलीकडच्या अंगाला आम्हाला घेऊन आलेले साक्षरता अधिकारी शिंत्रे साहेब आणि त्यांचे कारकून गुरव भाऊसाहेब भिंतीला खांदा टेकून उभे होते. इथून ते बोटाएवढे दिसत होते. मी परत कान टेकला.

“न होईना. रत्नागिरीत मोठे साहेब चार ओळी ऐकणार, टाळ्या वाजवणार. चिठ्ठ्या पाठ करून घ्या. तालुका पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला की एक तारखेपासून वर्ग बंद. आपण सुटलो.”

“आणि दुसरं, तिसरं पुस्तक?”

“वाटप झालं म्हणून दाखवलंय की. सह्या आहेत ना त्यांच्या?”

“आहेत. सगळ्या बत्तीस.”

“मग झालं. सही तेवढी छान करतात.” साहेब हसले. ते हसू माझ्या कानाशी असं आलं, जणू माझ्या गालाला तोंड लावून हसले. “आणि त्या वडारणीला शेवटी उभी करा. आवाज खणखणीत आहे तिचा.”

भिंतीशी हळू बोललं तरी पलीकडच्या भिंतीला सगळं ऐकू जातं, हे चौकीदारानं आम्हाला उतरताना सांगितलं. साहेबांनी ते ऐकलं तेव्हा त्यांची मान एकदम वर वळली. पण मी तोवर बाकीच्यांत मिसळले होते.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. आमच्या तालुक्यात तेव्हा साक्षरतेचे वर्ग चालू होते, आणि आमच्या वर्गाची ही सरकारी सहल रत्नागिरीच्या कार्यक्रमाला निघाली होती. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही पाट्या घेऊन बसायचो. पुस्तकं तीन. पहिलं झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, आणि तिसरं संपलं की माणसाला कुठलाही कागद वाचता येतो, असं कुंदाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चाळीस वर्षांची बाई मी. मी त्या तिसऱ्या पुस्तकाची वाट बघत होते. आमचं पहिलंच अजून अर्धं व्हायचं होतं.

आणि सही म्हणाल तर ती आम्हाला सगळ्यात आधी शिकवली. दोन महिन्यांपूर्वी गुरव भाऊसाहेब मोठा कागद घेऊन वर्गावर आले होते. “हजेरी आहे, सह्या करा,” म्हणाले. मी खडूचे हात लुगड्याला पुसले, जीभ दातांत धरली आणि ‘गजराबाई’ असं लिहिलं. जन्मात पहिल्यांदा कागदावर लिहिलं. त्या दिवशी घरी जाऊन मी गोड केलं होतं. हजेरी नव्हती ती. न मिळालेल्या पुस्तकांची पोच होती. मला लिहिता आलेली पहिली गोष्ट, माझं नाव, त्यांनी खोट्याला साक्षीदार म्हणून उभी केली. अंगठा उठवत होते तेव्हा निदान मला कुणी शिकलेली म्हणून फसवत नव्हतं.

कोल्हापूरच्या वाटेवर मी चंद्राक्काला सगळं सांगितलं. ती धनगराची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. घोंगड्यांसाठी लोकर कातायची. तिचे हात बसमध्येसुद्धा रिकामे नव्हते, टकळी फिरत होती.

“घुमट बोलला म्हणं!” ती म्हणाली. “आगं, उपाशीपोटी एवढ्या पायऱ्या चढलीस. कानात वारं गेलं आसंल.”

“वाऱ्याला गुरव भाऊसाहेबाचा आवाज आसतोय?”

टकळी थांबली. “बरं, खरं धर. मग? सरकारच्या खर्चानं हिंडायला मिळतंय, हिंड की. विजापूर बघितलं, आता अंबाबाई बघू, मग समिंदर. माझ्या बानं न्हाई बघितला समिंदर.”

“आन् पुस्तकं?”

“मला काय करायची पुस्तकं? सही आली, भरून पावले. सुनंला दाखवली, तर तिचं तोंड बघायचं हुतंस. ती अजून अंगठा देती.” आणि टकळी पुन्हा गरगरली.

कोल्हापुरात देवीचं दर्शन झाल्यावर रंकाळ्याच्या कठड्यावर बसवून साहेबांनी तालीम घेतली. प्रत्येकीला एक चिठ्ठी होती. माझ्या चिठ्ठीवर होतं, “मी शिकले. माझं घर शिकलं. माझं गाव शिकलं. आता आमचा तालुका मागं नाही.” असं आहे, हे मला कुंदाबाईंनी वाचून दाखवल्यामुळे माहीत. बाया चिठ्ठी समोर धरून, पाण्याकडे बघत, घडाघडा म्हणत होत्या. चण्याचे पुडे घेऊन फिरायला आलेली माणसं थांबून ऐकत होती आणि कौतुकानं माना हलवत होती.

“चिठ्ठीकडे बघा, चिठ्ठीकडे!” साहेब ओरडत होते. “पाण्यात काय लिहिलंय का? ओळीवरनं बोट फिरवा, म्हणजे वाचताय असं वाटतं.”

तालीम संपली तशी मी कुंदाबाईंना बाजूला घेतलं. “बाई, एक तारखेला वर्ग बंद होणार, तुम्हाला ठाऊक हुतं?”

ती ओठ दाबून पाण्याकडे बघत राहिली. तिथंच मला उत्तर मिळालं.

“आन् सह्यांचं?”

“ते मला मागाहून कळलं, मावशी. शपथ. पण मी बोलले तर मला दाखला मिळणार नाही, आणि दाखल्यावर कुठंतरी नोकरी लागेल म्हणून दादांनी... आणि माझं लग्न ठरलंय. वैशाखात. मी तरी कुठं राहणार आहे?”

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. तेव्हा मला कुणाचीच दया येत नव्हती.

“पुस्तकं हायत तरी कुठं?”

“आपल्या तालुक्याला आलीच नाहीत. मागवलीच नाहीत म्हणे. रत्नागिरीत प्रदर्शन आहे ना, त्याला ठेवायला एकच जोड आणलाय. मागच्या ट्रंकेत आहे.”

म्हणजे माझ्या सहीची पुस्तकं माझ्याच बसमधून चालली होती. मी पुढं, ती मागं.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा झाला. तिथली धान्याची कोठारं बघून बाकीच्या तोंडात बोटं घालत होत्या. मग आंबा घाट उतरलो आणि दुपारी रत्नागिरीला समुद्र दिसला. सगळ्या बाया एकदम उठून एका बाजूला आल्या, ड्रायव्हर ओरडला, “बसा ओ मावशी, गाडी कलंडंल!” वाळूवर उतरल्यावर तर त्या पोरी झाल्या. लुगडी भिजली, कुणी शंख वेचले, कुणी हात जोडले. चंद्राक्कानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली.

“खारट गं बाई! एवढं पाणी आन् एक शेळी पिणार न्हाई!”

मी किनाऱ्यावर बसून राहिले. डोळ्यांनी समुद्र बघत होते, पण मनात ती चिठ्ठी चालू होती. मी शिकले, माझं घर शिकलं. जन्मात एकदा समुद्र बघायला मिळाला आणि त्या लोकांनी तो मला नीट बघू दिला नाही. पुस्तकांपेक्षाही याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्यानंतर मी कधी समुद्राला गेले नाही.

कार्यक्रम संध्याकाळी होता. मोठं सभागृह, पंखे, दारांना झेंडूची तोरणं. कडेला लांब टेबलावर प्रदर्शन मांडलं होतं. तक्ते, पाट्या, आमच्या वर्गाचे फोटो, आणि मधोमध तिन्ही पुस्तकं, कोरी, चकचकीत. मुंबईचे मोठे साहेब आले. गोरेपान, सौम्य, हळू बोलणारे. त्यांना बघून मला बरं वाटलं. वाटलं, यांना सांगितलं तर हे ऐकतील.

एकेक बाई उठून म्हणत होती. चंद्राक्का उठली, ओळीवरून बोट फिरवत म्हणाली, एक अक्षर चुकली नाही. खाली बसताना तिनं मान अशी ताठ धरली होती, की मला तिच्याकडे बघवेना. मग शिंत्रे साहेबांनी हात केला. “आता आमच्या तालुक्याच्या विशेष विद्यार्थिनी.”

मी माईकसमोर गेले. चिठ्ठीची घडी घातली आणि मोठ्या साहेबांच्या पुढच्या टेबलावर ठेवली. डोळे मिटले आणि म्हटलं, “मी शिकले. माझं घर शिकलं. माझं गाव शिकलं. आता आमचा तालुका मागं नाही.”

डोळे उघडले आणि मोठ्या साहेबांकडे बघितलं.

“सायेब,” मी म्हणाले, “ही चिठ्ठी उलटी धरली आसती, तरी मी ह्येच म्हणले आसते. आमाला ह्ये पाठ हाय. वाचाया येत न्हाई. पयलंच पुस्तक अर्धं हाय आमचं. वर्ग बंद करू नगा. खोटं वाटत आसंल, तर दुसरा कंचाबी कागद द्या, आन् बगा मला येतंय का.”

मोठ्या साहेबांनी शिंत्रे साहेबांकडे बघितलं. शिंत्रे साहेब हसत पुढं झाले. “आमच्याकडच्या बाया फार विनयशील आहेत, साहेब.”

“वा!” मोठे साहेब म्हणाले. “कागदाशिवाय! इतक्या मोठ्या सभेत! हा आत्मविश्वास बघा. शिक्षण म्हणजे दुसरं काय असतं?” आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या.

“टाळ्या नगा वाजवू!” मी माईकमध्ये म्हणाले. “मी काय सांगतीय?”

गुरव भाऊसाहेबांनी माईक काढून घेतला. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं, उठून तालुका पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर केलं आणि मला जवळ बोलावून हातात नारळ दिला. खरं सांगते, त्यांनी मला झिडकारलं असतं तर मी सोसलं असतं. त्यांनी माझं खरं बोलणंसुद्धा आपल्या कौतुकात घातलं.

जागेवर आले तर माझ्या शेजारची बाई सरकून बसली. “तुला येत नसंल तर नसंल,” ती दात आवळून म्हणाली. “आमची अब्रू कशाला काढलीस?” चंद्राक्का तर माझ्याकडे बघतच नव्हती.

“आक्का.”

“बोलू नगंस.”

“आगं, मी खोटं बोलले का?”

“न्हाई. पर माझी सून ऐकंल तवा काय म्हणंल? सासूबाई पोपट हुत्या, म्हणंल.” तिचे डोळे भरले होते. “मला बोट फिरवताना केवढं बरं वाटत हुतं, गजरे. तेवढं तरी ठिवायचंस की.”

 

लोक चहाला उठले. मी मात्र सरळ प्रदर्शनाच्या टेबलाशी गेले, नारळ खाली ठेवला आणि दुसरं व तिसरं पुस्तक उचलून काखेत घातलं. गुरव भाऊसाहेब धावत आले.

“ओ बाई! ठेवा ते. प्रदर्शनाचं आहे.”

“माझं हाय.”

“तुमचं कसं?”

“तुमच्या कागदावर ही पुस्तकं मला मिळाल्यात. सही हाय माझी. मिळाल्यात म्हणून सही केली, आता न्यायला नको?”

त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात शिंत्रे साहेब आले. आवाज दाबून म्हणाले, “काय तमाशा आहे? तुला कुणी सांगितलं हे?”

“तुमीच सांगितलं, सायेब. विजापुरात. माझ्या कानात.”

ते जागच्या जागी थिजले. मी आवाज चढवला. “बत्तीस जणींच्या सह्या हायत. जोड एकच दिसतोय, त्यो मी घेतला. बाकीच्या एकतीस जणींचं कवा देताय? का मोठ्या सायबाला इचारू?”

मोठे साहेब दहा पावलांवर बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून पुन्हा तसंच सौम्य हसले.

“नेऊ दे,” शिंत्रे साहेब पुटपुटले. “नेऊ दे तिला. ओरडू नको, बाई. पाया पडतो.”

पाया काही ते पडले नाहीत. पण पुस्तकं माझ्या काखेत राहिली. बाकीच्या एकतीस जणींची कधी आली नाहीत. वर्ग एक तारखेला बंद झाला, शाळेच्या भिंतीवर ‘पूर्ण साक्षर तालुका’ असा मोठा फलक लागला, आणि त्याच्या खाली बसून वर्गात कधी न आलेल्या बाया पुढारी आणतील त्या कागदावर अंगठे उठवत राहिल्या. शिंत्रे साहेबांना पुढं बढती मिळाली. कशाबद्दल, ते मला माहीत आहे. तुम्हालाही आता माहीत आहे.

परतीला बसमध्ये माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. सकाळची वेळ, घाट चढायला लागलो होतो. मी दुसरं पुस्तक मांडीवर उघडलं. पहिल्याच पानावर एका बाईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात एकच ओळ. मी बोट ठेवलं. बस वळणावर कलली की बोट घसरायचं, की मी परत सुरुवातीपासून. एक अक्षर लागायचं, दुसरं लागायचं, तिसऱ्याला पहिलं विसरायचं. कुंदाबाई पुढं बसली होती. तिला विचारता आलं असतं. विचारलं नाही.

घाटमाथा आला तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी धपकन बसलं. टकळीचा आवाज आला.

“मघापासनं एकाच वळीवर काय बसलीयास?” चंद्राक्का पुढं बघतच म्हणाली. “काय लिव्हलंय?”

“खोटं लिव्हलंय.”

“काय खोटं?”

मी बोट पहिल्या अक्षरावर नेलं आणि रागानं, तोडून तोडून म्हटलं, “आ... ता... आता... तु... म्हा... ला... वा... च... ता... ये... तं.”

चंद्राक्काची टकळी थांबली. ती पानाकडे बघत राहिली, मग माझ्या तोंडाकडे.

“ह्ये तुला कुणी पाठ करून दिलं?” तिनं विचारलं.